प्रवेशाच्या दिवसांत सिस्टीम बदलायची झाली तर

मी सांगलीतल्या एका शिक्षणसंस्थेत सिस्टीम विभाग सांभाळते. त्याआधी सात वर्षं तिथेच बोनाफाइडच्या खिडकीवर बसत होते. त्यामुळे सर्व्हरवर काही बदल करायचा म्हटलं की मला आधी ती खिडकी आठवते. जुलैतला पाऊस, व्हरांड्यात वाळत ठेवलेल्या छत्र्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेली मार्कलिस्ट, आणि अडीचची गाडी चुकू नये म्हणून सारखे घड्याळाकडे बघणारे पालक.

काही वर्षांपूर्वी ऐन प्रवेशात आम्ही ऑनलाइन फीची व्यवस्था बदलली. संध्याकाळी बदल केला, डेबिट कार्डाने एक रुपया भरून पाहिला, पावती आली, आम्ही घरी गेलो. दुसऱ्या दिवशी बहुतेक सगळे यूपीआयने फी भरत होते, आणि यूपीआयचा ‘पैसे मिळाले’ हा निरोप अजून आमच्या जुन्याच पत्त्यावर जात होता. कवठेमहांकाळ तालुक्यातून एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. वडील खिडकीत मोबाइल धरून विचारत होते, “बाई, पैसं तर कापल्यात. मग पावती का मिळंना?” पावती नाही म्हणून प्रवेश पक्का नाही, प्रवेश पक्का नाही म्हणून बोनाफाइड नाही, आणि बोनाफाइड नाही म्हणून एसटीचा सवलतीचा पास नाही. घाबरून त्यांनी दुसऱ्यांदा फी भरली. तीही अडकली. ते पैसे परत जायला बारा दिवस लागले. आम्हाला तासाभरात जुन्या व्यवस्थेवर परत येता आलं असतं, पण जुनी सेटिंग काय होती हे कुणीच लिहून ठेवलं नव्हतं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून चालते: परत फिरायची वाट आधी बांधायची, मग पुढे पाऊल टाकायचं. खाली जे लिहिते आहे ते सगळं त्यातूनच आलं आहे. कॉलेज, विद्यापीठ, तंत्रनिकेतन, कुठेही हे काम करणाऱ्याला उपयोगी पडावं.

बदलबंदीची तारीख कुठून काढायची

बदलबंदी म्हणजे सिस्टीममध्ये बदल न करण्याचा काळ. तो ठरवायला फेब्रुवारी-मार्चमध्येच वर्षाचं कॅलेंडर मांडायला बसा, आणि एकटे बसू नका. प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती आणि लेखा या चारही टेबलांवरची माणसं बोलवा. सिस्टीमवाल्यांना वाटतं गर्दी म्हणजे गुणवत्ता यादीचा दिवस. प्रत्यक्षात बारावीच्या निकालानंतर चौकशी सुरू होते, मग पदवीच्या याद्या, मग अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या कॅप (केंद्रीय प्रवेशाच्या) फेऱ्या, त्यातच जुन्या विद्यार्थ्यांचे निकाल आणि एटीकेटीचे फॉर्म, आणि मागोमाग महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज. आमच्या हेडक्लार्क भाऊसाहेबांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, “मॅडम, तुमची गर्दी संपते तिथं आमची सुरू होते.” शिष्यवृत्तीची छाननी आणि पात्रतेची प्रकरणं त्यांच्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. हे मला खिडकीवर बसूनही माहीत नव्हतं.

बदलबंदी तारखेला बांधू नका, कारण निकाल पुढे-मागे होतात आणि फेऱ्या वाढतात. ती घटनेला बांधा. आमचा नियम असा: पहिली गुणवत्ता यादी लागायच्या आठ दिवस आधीपासून, शेवटचा प्रवेश झाल्यावर पंधरा दिवसांपर्यंत. या काळात खिडकीवर जे दिसतं, छापलं जातं किंवा पैशाला हात लावतं, ते बदलायचं नाही. दिवाळीनंतर दुसऱ्या सत्राच्या वेळी एवढी लांब बंदी लागत नाही, परीक्षा फॉर्मचे दिवस सांभाळले की पुरतं.

या नियमावर कुलसचिवांची किंवा प्राचार्यांची सही घ्या. सहीचा कागद असला की “एवढं एक बटण टाकून द्या ना” म्हणणाऱ्या विभागप्रमुखांना आपण नाही म्हणत नसतो, संस्था नाही म्हणत असते. सवलत देण्याचा अधिकारही एकाच व्यक्तीकडे ठेवा. दोघांकडे असला की माणसं सोप्याकडे जातात.

बंदीतही करावं लागतं ते

सगळंच थांबवून चालत नाही. सुरक्षेची गंभीर भगदाडं बुजवावीच लागतात, चुकलेली फी दुरुस्त करावी लागते, भरलेली डिस्क मोकळी करावी लागते. पण यातली निम्मी कामं मे महिन्यातच उरकता येतात.

वेबसाइटच्या एसएसएल सर्टिफिकेटचंच (साइट सुरक्षित आहे हे ब्राउझरला दाखवणाऱ्या प्रमाणपत्राचंच) घ्या. पूर्वी ते १३ महिने चालायचं, म्हणून वर्षातून एकदा मार्चअखेरीस नवं घेतलं की विसरून जायची सवय होती. १५ मार्च २०२६ पासून नव्या सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवसांवर आली आहे, १५ मार्च २०२७ पासून ती १०० दिवस आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस होणार आहे. डिसेंबरच्या मध्यात घेतलेलं २०० दिवसांचं सर्टिफिकेट जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपतं. आजच यादी काढून प्रत्येकाची अखेरची तारीख भिंतीवर लावा, आणि जमेल तिथे नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करा.

खिडकीवरच्या विंडोज संगणकांचंही तसंच. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे पावसाळ्यात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. म्हणजे बुधवारी सकाळी दहाला खिडकी उघडते आणि संगणक अपडेट उतरवायला बसतो. प्रवेशाच्या महिन्यात ते अपडेट आधी दोन सुट्या संगणकांवर घालून बघा, आणि बाकीच्यांना संध्याकाळी सहानंतर द्या. टाळू मात्र नका.

वायफायचे पत्ते (जोडलेल्या प्रत्येक मोबाइलला नेटवर्कवर मिळणारा क्रमांक) संपणं हा प्रकार दर जुलैत कुठे ना कुठे होतो, आणि सगळे ‘नेट स्लो आहे’ म्हणून सेवा पुरवणाऱ्याला फोन करत राहतात. साध्या मांडणीत एका नेटवर्कवर २५४ पत्ते मिळतात. विंडोज सर्व्हरच्या डीएचसीपीत (हे पत्ते वाटणाऱ्या सेवेत) एकदा दिलेला पत्ता मुळात ८ दिवस राखून ठेवला जातो. प्रवेशासाठी एका दिवसापुरता आलेला पोरगा तासाभरात निघून जातो, पण त्याच्या मोबाइलचा पत्ता आठवडाभर अडकून पडतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पत्ते संपलेले. विद्यार्थ्यांच्या वायफायवर ही मुदत दोन तासांवर आणा आणि पत्त्यांची श्रेणी वाढवा, पण हे मे महिन्यात. तसंच डेटाबेसचं: मायएसक्यूएल एका वेळी मुळात १५१ जोडण्या घेतं. ती मर्यादा कुणी उघडून बघितलेलीच नसते, आणि यादी लागल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तिथेच गाडी अडते.

यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. सगळ्या याद्या संध्याकाळी पाचला एकदम लावू नका. वाणिज्य सकाळी, विज्ञान दुपारी, कला संध्याकाळी. प्राचार्यांना हे पटवायला मला दोन वर्षं लागली, पण तिसऱ्या वर्षी नवा सर्व्हर घ्यावा लागला नाही.

अर्ध्या पानाची चिठ्ठी

प्रत्येक बदलाआधी आम्ही एक चिठ्ठी भरतो. ती चिठ्ठी भरता येत नसेल तर बदल होत नाही. मागच्या वर्षीची एक जशीच्या तशी देते:

“काय: फी पावतीच्या नमुन्यात अनुक्रमांकाची जागा बदलणे. का: लेखापरीक्षणाचा शेरा. कधी: गुरुवार, पहाटे ५. कोण: मी आणि लेखा विभागातील एक जण, कंपनीचा माणूस फोनवर. जमलं हे कसं कळेल: कार्ड, यूपीआय आणि रोख, तिन्हीच्या पावत्या छापून, त्याच पावतीवर बोनाफाइड निघतं का बघणे. परत कसं: जुना नमुना ‘जुना_पावती’ नावाने ठेवला आहे, तो चालू करणे, १० मिनिटे. परतीची वेळ: ७ वाजून ३० मिनिटे.”

शेवटची ओळ सगळ्यात मोलाची. बदल करताना प्रत्येकाला वाटतं, आणखी दहा मिनिटांत होईलच. साडेसातला जे अर्धवट असेल ते सोडून जुन्यावर यायचं, हे आदल्या दिवशी शांत डोक्याने ठरलेलं असलं की पहाटे वाद होत नाही.

परतीची वेळ अंदाजाने घालू नका. बॅकअप घेतला आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका, तो दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उतरवून बघा आणि घड्याळ लावा. आमच्याकडे बॅकअप घ्यायला चाळीस मिनिटं लागतात, परत उतरवायला पावणेतीन तास. हे कळल्यावर मोठ्या बदलाची आमची सगळी वेळापत्रकं बदलली, कारण दहाला खिडकी उघडायची तर सातच्या आत निर्णय व्हायलाच हवा. उतरवल्यावर तीन ओळखीचे विद्यार्थी काढून त्यांचं फीचं खातं पावतीपुस्तकाशी ताडून पाहा. फाइल उघडली म्हणजे हिशेब जुळला असं होत नाही.

पहाट का, असं मला नेहमी विचारतात. रात्री बारापर्यंत पोरं मोबाइलवरून अर्ज भरत असतात, शेवटच्या तारखेला तर बाराच्या ठोक्यापर्यंत. रविवारी रात्री बदल करून सोमवारी सकाळची सगळ्यात मोठी रांग अंगावर घेणं मला पटत नाही. शुक्रवारी संध्याकाळी केला तर शनिवारी कंपनीचा माणूस फोन उचलत नाही. गुरुवारी पहाटे माणूस झोपून उठलेला असतो, पुढे कामाचे दोन दिवस हाताशी असतात आणि बुधवारचे विंडोज अपडेटही मागे पडलेले असतात. सर्व्हरचा पत्ताच बदलायचा असेल तर मंगळवारीच डीएनएसचा टीटीएल (सर्व्हरचा पत्ता बाहेरच्यांकडे किती वेळ लक्षात ठेवला जातो ती मुदत) २४ तासांवरून ५ मिनिटांवर आणून ठेवा, नाहीतर निम्म्या जगाला गुरुवारभर जुनाच सर्व्हर दिसत राहील.

चाचणीला खरी नावं लागतात

कंपनीची माणसं चाचणीला तीन अक्षरी सोपं नाव घालतात आणि सगळं बरोबर चाललंय म्हणतात. आमच्या चाचणीच्या यादीत ‘ज्ञानेश्वर’ आहे, ‘श्रद्धा’ आहे, आणि नावात किंवा गावात ‘ऱ्या’ असलेला एक जण आहे, कारण तो ऱ छपाईत हमखास तुटतो. वडिलांचं नाव नसलेली, फक्त आईचं नाव लावणारी मुलगी आहे. जत भागातलं कानडी वळणाचं लांबलचक आडनाव आहे. आधारवर एक स्पेलिंग आणि बारावीच्या मार्कलिस्टवर दुसरं, असा विद्यार्थी आहे. असे तर दर रांगेत दहा भेटतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणून डेटाबेसने रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजली तर पन्नासच्या रकान्यात सोळाच चिन्हं बसतात आणि आडनाव मध्येच कापलं जातं. हे मी दाखल्यावर छापून आलेलं बघितलं आहे. त्या दाखल्यावर मुलाने पासपोर्ट काढायला जायचं असतं.

आणखी एक, आत्ता घाईचं नाही पण नवी सिस्टीम घेत असाल तर लक्षात ठेवा: १ मे २०१४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात, स्वतःच्या नावापुढे आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम राज्याने ठरवला आहे. ती मुलं कॉलेजच्या दारात येतील तेव्हा तीन रकान्यांची नावं पुरणार नाहीत.

एसएमएसची चाचणी वेगळी करा. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे मेसेजचा मजकूर आधी डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर मंजूर करून घ्यावा लागतो. मंजूर मजकुरात एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी मेसेज मोबाइल कंपनीकडेच अडतो, आणि आपल्याला वाटतं ओटीपी गेला. म्हणून नवी सिस्टीम येणार असेल तर मजकुराची मंजुरी महिनाभर आधी. शिवाय मराठी मेसेज एका वेळी ७० चिन्हांचाच असतो, इंग्रजीसारखा १६० चा नाही. ‘प्रवेश’ हा शब्दच त्यात सहा चिन्हं खातो. मजकूर छोटा लिहा, पण मराठीतच लिहा.

सांगायचं कसं

“सर्व्हर मेंटेनन्समुळे सेवा तात्पुरती खंडित राहील” ही सूचना वाचून कुणालाच काही करता येत नाही. आम्ही आता असं लिहितो: “गुरुवारी पहाटे ५ ते सकाळी ९ ऑनलाइन फी भरता येणार नाही. शेवटची तारीख शुक्रवारच आहे, घाई करू नका. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही तर पुन्हा भरू नका. खिडकी क्रमांक ३ वर मोबाइलमधला व्यवहार दाखवा, प्रवेश थांबणार नाही.” यातली ‘पुन्हा भरू नका’ ही ओळ त्या कवठेमहांकाळच्या वडिलांमुळे आली आहे.

आणि ही सूचना विद्यार्थ्यांच्या आधी आपल्या माणसांना कळली पाहिजे. खिडकीवरच्या वहिनी, लायब्ररी, होस्टेलचे रेक्टर, फाटकावरचे मामा. खरं सांगायचं तर पहिला प्रश्न फाटकावरच विचारला जातो. मामांच्या हातात छापील कागद असला की माणूस पावसात आत-बाहेर करत नाही.

‘प्रवेश थांबणार नाही’ असं लिहायचं तर कागदाची सोय खरोखर तयार हवी. क्रमांक छापलेलं पावतीपुस्तक, सही-शिक्क्याचे कोरे नव्हे तर क्रमांक घातलेले बोनाफाइडचे फॉर्म, कार्बन आणि एक नोंदवही एका पेटीत ठेवा, किल्ली कार्यालय अधीक्षकांकडे. सिस्टीम आल्यावर त्या दिवशीच संध्याकाळी दोघांनी बसून नोंदी चढवायच्या, एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. उद्यावर ठेवलं की त्या नोंदी परीक्षेच्या फॉर्मपर्यंत सापडत नाहीत.

आणि पाणी

सांगलीत हे काम करताना नदीला विसरून चालत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आहे, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. हे दोन्ही महिने एरवी प्रवेशाचे आणि सत्र सुरू होण्याचे. आमच्या चिठ्ठीच्या नियमात आता हेही आहे: पाणी ४० फुटांना लागलं किंवा कोयनेतून मोठा विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली, की ठरलेला बदल आपोआप रद्द. त्या दिवसांत वीज, बॅटरी, नेट यांतलं काय जाईल याचा भरवसा नसतो, आणि माणसं घरचं सामान माळ्यावर चढवत असतात.

सर्व्हर तळमजल्यावर असेल तर तो वर न्या, हे सांगायला नकोच. बॅकअपची दुसरी प्रत मात्र कुठे आहे ते बघा. ती आम्ही आधी कराडला ठेवत होतो. कराडही कृष्णेवरच. आता एक प्रत क्लाउडवर आणि एक विट्याला असते. पुराच्या काळात अंतिम तारीख वाढवायचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांचे घरचे नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण मोबाइल बंद पडला की त्यातले नंबरही जातात.

बदल झाल्यावर

बदलाच्या दिवशी सकाळी साडेनऊ ते बारा मी खिडकीच्या आतल्या बाजूला उभी राहते. सर्व्हरच्या आलेखावर सगळं हिरवं दिसत असतं तेव्हा वहिनी प्रत्येक पावतीला दोनदा प्रिंट दाबत असतात, कारण पहिल्यांदा कोरं पान येतं. हे कुठल्याच लॉगमध्ये दिसत नाही, आणि त्या तक्रारही करत नाहीत. विचारलं तर म्हणतात, “चालतंय की मॅडम.” पहिल्या दोन तासांत असं जे दिसेल ते वहीत लिहायचं, आणि त्यातलं तातडीचं तेवढंच त्या दिवशी हाताळायचं. दिवसभर पैसे जमा आणि पावत्या यांची संख्या दर तासाला शेजारी-शेजारी लिहा. दोन आकडे वेगळे पडले की दुपारची वाट न बघता परत फिरा.

बंदीच्या काळात नाकारलेले सगळे बदल एका वहीत तारखेनिशी ठेवा आणि गणपती उरकल्यावर चारही टेबलांसमोर ती वही उघडा. निम्मे बदल तोवर कुणाला नकोच असतात. उरलेल्यांना क्रम लावा, एका आठवड्यात एकच. टीटीएल पूर्वीसारखा करा, कंपनीच्या माणसाला दिलेले पासवर्ड बदला, आणि चाचणीसाठी तयार केलेले ज्ञानेश्वर, श्रद्धा आणि बाकीचे सगळे हजेरीपटातून काढून टाका. एका वर्षी ते राहून गेले आणि परीक्षेच्या बैठकव्यवस्थेत त्यांना बाक लागला होता, त्यामुळे एका खऱ्या मुलाची जागा दुसऱ्या इमारतीत गेली. परीक्षा विभाग यादी मागेल त्याच्या आदल्या दिवशी ही नावं स्वतः शोधून बघा.